पाय दुखतात, पण केव्हा?

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं, त्याची परतफेड म्हणून या वेळच्या टपालात नुसते पायच पाय आले आहेत. बरीचशी पत्रं एका ओळीची : ‘पाय सारखे दुखतात, औषध सुचवा.’ अशा पत्राला माझ्याकडे उत्तर नाही. पायात हाडं आहेत, सांधे आहेत, स्नायू, मज्जातंतू, धमन्या, शिरा आहेत, आणि कमरेतलं दुखणं उतरून येतं तेही पायातच. ‘दुखतं’ या एका शब्दावरून यातलं कोण दुखतंय ते ओळखायला मी काही ज्योतिषी नाही. केव्हा दुखतं आणि कशानं थांबतं हे ज्यांनी लिहिलं, त्यांची पत्रं निवडली. नावं गाळली आहेत आणि मजकूर थोडा कापला आहे.

प्रश्न : साहेब, मी एसटीतला निवृत्त कंडक्टर, वय ६३. रोज सकाळी घरून बाजारतळापर्यंत चालत जातो. वर्षभरापासून मारुतीच्या देवळापाशी आलो की उजवी पोटरी आवळून येते, पाऊल पुढं टाकवत नाही. पारावर दोन-तीन मिनिटं टेकलं की जातं. पुन्हा चालायला लागलो की शाळेच्या कोपऱ्यावर तेच. पूर्वी देवळाच्या पुढं जाऊन दुखायचं, आता देवळाच्या अलीकडंच थांबावं लागतं. दोन्ही पायांवर निळ्या शिरा फुगल्यात, सगळी नोकरी उभ्यानंच झाली. एका डॉक्टरांनी शिरांचं दुखणं सांगितलं म्हणून मेडिकलमधून घट्ट मोजे आणले. दुसऱ्यांनी कमरेचा एमआरआय काढायला लावला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी बाहेर आलीय. साखर नऊ वर्षं आहे, रात्री तळपायांची आग होते. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कॅल्शियम झालं, तेलं झाली. बिडी सोडली, तंबाखू-चुना थोडा चालू आहे. मणक्याचं ऑपरेशन करून घ्यावं का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर ती पुढं ढकला, आणि ते मोजे आजच काढून ठेवा. आता का ते सांगतो.

तुमच्या पत्रात पायदुखीचे तीन संशयित आहेत : शिरा, मणका आणि साखर. तिन्ही खोटे नाहीत. शिरा डोळ्यांना दिसतात, गादी फिल्मवर दिसते, साखर रिपोर्टात दिसते. पण दिसणारी गोष्ट दुखणारी असतेच असं नाही. तुमच्या सगळ्या पत्रात माझ्या कामाचं वाक्य एकच आहे, ते मारुतीच्या देवळाचं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, थांबलं की सुटते, तेवढंच चाललं की पुन्हा आवळते, आणि ते अंतर हळूहळू कमी होत चाललंय. यावरून माझा पहिला संशय चौथ्यावरच जातो, आणि त्याच्याकडे अजून कुणी बघितलेलंच दिसत नाही : पायाला रक्त पुरवणारी धमनी.

शिरांचा पाय निराळा दुखतो. एका जागी उभं राहिलं की तो जड होतो, ठणकतो, संध्याकाळी घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकची खूण खोल उमटते, आणि झोपून पाय उशीवर घेतला की हलका होतो. चालल्यानं तो बिघडत नाही, उलट पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं आणि जरा बरंच वाटतं. कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, आचारी, सगळ्यांच्या पायावर या शिरा मी बघत आलोय. तुमच्याही त्या खऱ्याच आहेत. पण देवळापाशी तुम्हाला थांबवणाऱ्या त्या नव्हेत.

गादीचं असं आहे. कमरेची काही तक्रारच नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतल्यांत ३० टक्के होतं, ऐंशीच्या वयात ८४ टक्के. म्हणजे तुमच्या वयाचा कुणीही धडधाकट माणूस मशीनमध्ये घातला तर गादीबद्दल काही ना काही लिहून येण्याचीच शक्यता जास्त. रिपोर्ट चुकीचा नसतो, तो वाचून पायाचं दुखणं त्याच्या माथी मारणं चुकीचं असू शकतं.

तरीही मणक्याला एवढ्यावर सोडून देता येत नाही. मणक्यातला मज्जातंतूंचा मार्ग अरुंद झाला, तर तोही माणसाला चालताना असाच थांबवतो. दोन्ही दुखणी लांबून जुळी दिसतात. फरक आहे तो थांबण्याच्या तऱ्हेत, आणि नेमकं तिथंच तुमचं पत्र मला अडवतं : तुम्ही पारावर *टेकता*. टेकलं की दोन्ही बरी होतात. म्हणून एक करा. उद्या पोटरी आवळली की बसू नका, वाकू नका, भिंतीलाही टेकू नका. नुसते ताठ उभे राहा आणि घड्याळ बघा. धमनीचं दुखणं असेल तर उभ्या उभ्याही ते पाचेक मिनिटांत उतरतं, कारण पोटरीचं काम थांबलं की तिची रक्ताची उधारी फिटते. मणक्याचं असेल तर ताठ उभं राहून बरं वाटत नाही, पुढं वाकावं लागतं किंवा बसावं लागतं. मणक्याचा रुग्ण वाकून सायकल मजेत चालवतो, चढ चढतो आणि उताराला कुरकुरतो. धमनीच्या रुग्णाला चढच नको असतो. तुमच्या वाटेवर चढ असेल तर तो कुठल्या बाजूला आहे आणि तिथं काय होतं, हेही लक्षात ठेवा.

धमनीत काय होतं? बिडी, तंबाखू, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी तिच्या आतल्या भिंतीवर थर चढतो. पोटरी दुखते तेव्हा अडथळा बहुतेक वेळा वर, मांडीत असतो. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते तेव्हा प्यायला पाणी पुरतं, पण बाग भिजत नाही. तसंच, बसलेल्या पायाला ते रक्त पुरतं, चालणाऱ्या पोटरीला पुरत नाही. हे दुखणं पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते माणसात नव्हे, घोड्यात. १८३१ मध्ये फ्रान्समधल्या बूले नावाच्या पशुवैद्यानं, थोडं चाललं की लंगडणारा आणि थांबलं की ठीक होणारा घोडा तपासला आणि त्याच्या मागच्या पायाची धमनी बंद असल्याचं दाखवलं. माणसातलं वर्णन फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८५८ मध्ये केलं. घोड्याला ‘कुठं दुखतं’ असं विचारता येत नाही, म्हणून त्या वैद्यानं तो केव्हा थांबतो एवढंच बघितलं असावं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता पायाकडे बघा. खुर्चीत बसा, मोजा काढा. अंगठा वर उचला म्हणजे पावलावर त्याची दोरी उठून दिसेल. त्या दोरीच्या बाहेरच्या, म्हणजे करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या उंचवट्यावर तीन बोटांची टोकं अलगद ठेवा. दाबलंत तर ठोका नाहीसा होईल, आणि हाताचा अंगठा वापरलात तर त्याचाच ठोका लागेल. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागं, हाड आणि टाचेमागची जाड दोरी यांच्या मधोमध. आधी डावा पाय चाचपा, मग उजवा. पावलावरचा ठोका काही निरोगी लोकांनाही लागत नाही, घोट्यामागचा मात्र बहुतेकांना लागतो. उजवीकडं दोन्ही जागा मुक्या असतील, नडगीवरचे केस गेले असतील, कातडी तकतकीत झाली असेल आणि पाऊल डाव्यापेक्षा गार लागत असेल, तर माझा संशय पक्का होतो.

नक्की ठरवायला एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त तपासणी आहे. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधायचा तसाच घोट्याच्या वर बांधतात आणि डॉपलर नावाच्या, रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या पेनाएवढ्या यंत्रानं ठोका ऐकतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. उत्तर १.० ते १.४ आलं तर ठीक. ०.९ किंवा त्याखाली आलं तर धमनीत अडथळा. दंडात १५० आणि घोट्यात ९० असेल तर ०.६ झालं, आणि चालताना दुखणाऱ्यांत असे आकडे नेहमी बघायला मिळतात. एक खोच आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना बसून ती कडक होते, पट्ट्यानं दबत नाही, आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.४ च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. जिल्ह्याच्या गावी रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत, त्यांच्याकडं हे सगळं होतं. फिल्म त्यांनाही दाखवा.

मोजे का काढायला सांगितले ते आता कळलं असेल. फुगलेल्या शिरांना घट्ट मोजे उत्तम. पण आत येणारं रक्तच कमी असलेल्या पायाला ते बाहेरून आणखी आवळतात, आणि साखरेनं बधिर झालेल्या पावलाला जखम झालेली कळतही नाही. हा आकडा काढल्याशिवाय तुमच्या वयाच्या मधुमेही माणसाला असे मोजे विकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेकाची पिशवीही लांब ठेवा, त्याच कारणासाठी. रात्रीच्या शेकानं तळपाय भाजून सकाळी फोड घेऊन आलेले रुग्ण मी बघितले आहेत.

तळपायांची आग हे वेगळं खातं. ती चालण्यावर अवलंबून नाही, दोन्ही पायांत सारखी आहे आणि रात्री वाढते. ती साखरेनं दुखावलेल्या मज्जातंतूंची. साखरेवरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, तेव्हा ती इंजेक्शनं अगदीच वाया गेली असं नाही. पण पोटरीसाठी त्यांचा उपयोग शून्य. रात्रीच्या दुखण्यात एक प्रकार मात्र ओळखून ठेवा : पाऊल दुखून जाग येते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. असं होऊ लागलं, बोट काळं-निळं दिसलं किंवा जखम भरेना, तर त्याच आठवड्यात सर्जन गाठा. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर आठवडा नाही, तासांचा हिशेब असतो. सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हावं अशी धावपळ करावी लागते.

उपचारात पहिलं नाव तंबाखूचं. ‘थोडा चालू आहे’ हे तुमचे शब्द. थोडा म्हणजे दिवसाला किती पुड्या, हे मी विचारत नाही, काकूंना विचारलं तर खरा आकडा कळेल. बिडी सोडलीत हे फार मोठं काम केलंत, पण तोंडातून गेलेलं निकोटिनही रक्तातच जातं. दुसरं, चालणं बंद करू नका. इथं सगळे उलटं करतात : दुखतं म्हणून घरी बसतात आणि अंतर आणखी घटतं. आठवड्यातून किमान तीन दिवस, ३० ते ४५ मिनिटं, बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, उतरलं की पुन्हा चालायचं. तीन महिने नेटानं केलं तर पुष्कळांचं अंतर वाढतं. फक्त पायात बंद, मऊ तळाचे बूट हवेत, आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे. तिसरं, गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉलची गोळी. ती नुसती पायासाठी नाही. पायाच्या धमनीत थर आहे म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही संशयात आल्या, म्हणून एकदा हृदय तपासून घ्या. सिलोस्टाझॉल नावाची गोळी चालण्याचं अंतर वाढवते, पण कमजोर हृदयाला ती चालत नाही, तेव्हा काउंटरवरून विकत घ्यायची नाही. फुगा घालून धमनी उघडणं हे नंतरचं, चालण्यानं आणि औषधानं भागलं नाही तर किंवा पाय धोक्यात असेल तर.

आणखी एक, पुरुष पत्रात कधीच लिहीत नाहीत म्हणून मीच लिहितो. दुखणं पोटरीऐवजी कुल्ल्यात आणि मांडीत असेल आणि जोडीला पुरुषत्वाची तक्रार सुरू झाली असेल, तर अडथळा पोटातल्या मोठ्या धमनीच्या टोकाशी असू शकतो. सर्जनला दोन्ही गोष्टी एकदमच सांगा. लाजून एक लपवली की तपासणी भलत्या वाटेनं जाते.

प्रश्न : मुलीचं सिझेरियन होऊन बारा दिवस झालेत, बाळंतपणाला माहेरी आलीय. परवापासून डावी पोटरी दुखते, पाय मांडीपर्यंत सुजलाय, गरम लागतो. मालिशवाली बाई म्हणते वात भरलाय, रोज जोर लावून चोळते. किती दिवस चोळावं?
— एक आई, बीड

उत्तर : हे पत्र ईमेलनं आलं आणि संपादकांनी त्याच संध्याकाळी मला वाचून दाखवलं. उत्तर अंकासाठी न ठेवता फोनवर दिलं : चोळणं बंद, आणि आज रात्रीच पायाचा डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त बघणारी सोनोग्राफी. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. मुलगी आता रक्त पातळ करणाऱ्या औषधावर आहे आणि बाळाला अंगावर पाजतेय. त्या औषधांपैकी हेपॅरिन आणि वॉरफरिन चालू असताना पाजायला हरकत नसते, हे मुद्दाम लिहितो. कारण पाजणं बंद पडेल या भीतीनं औषध नको म्हणणारे घरचे लोक असतात.

आईंच्या परवानगीनं इथं छापतोय, कारण हे घरोघरी होण्यासारखं आहे. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून शरीर रक्ताचा गोठण्याचा गुण वाढवून ठेवतं, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं सगळ्यात जोखमीचे. त्यात सिझेरियन. त्यात आपला सव्वा महिना : बाळंतिणीनं हलायचं नाही, पाणी बेतानं प्यायचं, अंधाऱ्या खोलीत शेक घेत पडून राहायचं. डिंकाचे लाडू द्या, आळीव द्या, माझी ना नाही. पण तिला दुसऱ्या दिवसापासून घरात फिरू द्या आणि तहानेला पाणी द्या. डावा पायच जास्त का? ओटीपोटात डाव्या पायाकडून येणारी शीर उजव्या पायाच्या धमनीखालून जाते आणि तिथं दबते, म्हणून.

दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं वेगळी आणि घाई कमी. *एकच* पाय एक-दोन दिवसांत सुजला की मालिशवाली नको, टेप आणा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर तसंच दवाखान्यात जा. फरक कमी असला तरी पाय दुखत-सुजत असेल तर जाच, टेप काही शेवटचा शब्द नव्हे. चोळल्यानं गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर १०८ ला फोन.

प्रश्न : वय ४१, शाळेत शिकवते. रात्री अंथरुणावर पडलं की पोटऱ्यांत आतून वळवळल्यासारखं होतं. दुखतं म्हणावं तर दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून घरात फेऱ्या मारल्या की थांबतं, पडलं की पुन्हा. ओढणीनं पाय घट्ट बांधून झोपते. दिवसा काहीच नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल, हिमोग्लोबिन १२. मनाचं आहे म्हणतात.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : मनाचं नाही. पाय हलवण्याची अनावर ओढ, ती स्वस्थ पडल्यावर सुरू होणं, हलवल्यावर शमणं आणि संध्याकाळनंतर वाढणं, या चार गोष्टी जुळल्या की निदान जवळजवळ पत्रावरच होतं. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. डॉक्टर याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. पाय ओढणीनं बांधणाऱ्या बायका आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त त्यांना कुणी विचारलं नाही.

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’मध्ये फेरिटिन होतं का ते बघा. बहुधा नसेल. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातलं लोह, फेरिटिन म्हणजे साठ्यातलं. साठा तळाला गेला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस १२ दाखवत राहतं. पाळीत अंगावरून जास्त जातं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. जात असेल तर कारण तिथंच सापडेल, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. या विकारात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन बघतात, प्रयोगशाळेच्या कागदावर १५ किंवा २० पासून ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी. गोळी एक दिवसाआड घ्या, लिंबू-पाण्याबरोबर. चहा तिच्या आसपास नको. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात, तेव्हा घरातली औषधाची डबी डॉक्टरांपुढं रिकामी करा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. एवढ्यानं भागलं नाही तर मेंदूविकारतज्ज्ञांकडं यावर चांगली औषधं आहेत.

रात्री पोटरीत गोळा येऊन किंचाळत उठणं हे निराळं. तिथं स्नायू हाताला कडक लागतो आणि पाऊल वर ओढलं की सुटतो. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताणायच्या.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतेय, वय २०. पहाटे डांबरी रस्त्यावर पळते. दोन महिन्यांपासून नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. एक्स-रे काढला, काही नाही म्हणाले. अकादमीतले सर म्हणतात पळत राहा, मुरतं.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : एका बोटानं दाबून बघ. नडगीच्या आतल्या कडेवर वीतभर पट्टा दुखत असेल, सुरुवातीला जास्त आणि अंग गरम झालं की कमी, तर हाडाच्या आवरणाला आलेली सूज आहे. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी जीव जातोय, पळताना वाढतच जातंय आणि आता बसल्या जागीही ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे कधी काढला होता ते बघ. एकाच जागी दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव, गरज पडली तर ते एमआरआय सांगतील, आणि ते ठरेपर्यंत पळणं पूर्ण बंद. मुरतं म्हणून पळत राहिलीस तर अर्धी चीर पूर्ण मोडते आणि तुझी यंदाची भरती जाते. पट्टाच दुखत असेल तर दोन-तीन आठवडे सायकल किंवा पोहणं, मग मातीच्या मैदानावर थोडं थोडं. मुलींना धावायचं असतं ८०० मीटर. त्यासाठी रोज डांबरावर दहा किलोमीटर पळवणारे सर मला कळत नाहीत.

एक प्रश्न सरळ विचारतो : पाळी वेळेवर येते का? वजन कमी ठेवायचं म्हणून जेवण तोडलंस आणि पाळी लांबायला लागली, तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि अशा चिरा वारंवार पडतात. भाकरी, डाळ, दूध, अंडं, पोटभर. ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घे.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा रात्री पाय दुखतात म्हणून रडतो. चोळलं की झोपतो, सकाळी उड्या मारतो. काळजीचं आहे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : दोन्ही पाय, मांड्या-पोटऱ्या, सांधे नाहीत, रात्री दुखतं आणि सकाळी साफ विसरतो : असं असेल तर या वयात नेहमीचं आहे, चोळा आणि झोपवा. नेहमी एकाच पायाची, एकाच जागेची तक्रार असेल, सकाळी लंगडत असेल, सांधा सुजला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, किंवा चोळायला हातच लावू देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. रक्ताची साधी तपासणी आणि त्या हाडाचा एक्स-रे एवढ्यापासून ते सुरुवात करतील.